लठ्ठपणासाठी मते मिळवणारी अस्वले

अलास्कातील कॅटमाय राष्ट्रीय उद्यानातल्या सर्वांत लठ्ठ तपकिरी अस्वलाची दर शरद ऋतूत इंटरनेटवरील मतदानाने निवड होते. २०१४ मध्ये एका दिवसापुरता सुरू झालेला हा उपक्रम पुढल्याच वर्षी ‘फॅट बेअर वीक’ झाला आणि आता त्यात दहा लाखांहून अधिक मते पडतात. उमेदवार मात्र ब्रुक्स नदीच्या धबधब्यावर सॅमन मासे पकडण्यात गुंतलेले असतात आणि २०१२ पासून तिथले कॅमेरे ते दृश्य थेट दाखवत आले आहेत.

प्रत्येक अस्वलाचे उन्हाळ्याच्या सुरुवातीचे रोडावलेले आणि शरदातले गोलमटोल रूप शेजारीशेजारी पाहून हसू येते खरे, पण त्यामागचे शरीरशास्त्र थक्क करणारे आहे. हिवाळ्याच्या तोंडावर अस्वलाची भूक शमतच नाही. मासे मुबलक असले की ते उरलेले मांस टाकून कातडी, मेंदू आणि अंडी असे चरबीयुक्त भागच तेवढे खाते. मोठ्या नराचे वजन ५०० किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यानंतर बिळातल्या दीर्घ निद्रेत ते काहीही खातपीत नाही, लघवीही करत नाही. चरबीच्या ज्वलनातून त्याला ऊर्जा आणि पाणी मिळते, तर युरियातील नायट्रोजन प्रथिने घडवण्यासाठी पुन्हा वापरला गेल्याने स्नायू फारसे झिजत नाहीत. बाहेर येईपर्यंत वजन एक तृतीयांशापर्यंत घटलेले असते. मादीच्या चरबीवर तर पुढची पिढीही अवलंबून असते, कारण उन्हाळ्यात तयार झालेला भ्रूण गर्भाशयात न रुजता काही महिने तसाच थांबतो आणि पुरेशी चरबी साठली नाही, तर रुजतच नाही.

लठ्ठपणाची गंमत लोकांना इथवर आणत असली, तरी त्यांना धरून ठेवते ती ओळख, असे मला वाटते. उद्यानाने अस्वलांना दिलेल्या क्रमांकांना टोपणनावांची जोड मिळाली आहे. चार वेळा जिंकलेला ४८० क्रमांकाचा ओटिस एका जागी निवांत बसून मासे टिपण्यासाठी प्रसिद्ध झाला. मात्र ओळख झाली की निसर्गातले निर्दय प्रसंगही वैयक्तिक वाटू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धबधब्यावरून वाहत आलेल्या पिल्लांवर ३२ क्रमांकाच्या चंक या नराने हल्ला केला आणि त्यातले एक दगावले. त्यांची आई होती १२८ क्रमांकाची ग्रेझर. योगायोगाने त्याच वर्षीच्या अंतिम फेरीत ही दोघे समोरासमोर आली आणि ग्रेझर जिंकली. २०२५ मध्ये जबडा मोडलेला असूनही भरपूर चरबी साठवलेल्या चंकला मतदारांनी विजयी केले.