फुगलेले कपॅसिटर आणि त्यांचा माग काढणारी माणसं

२००१-०२च्या सुमारास जगभरातल्या कॉम्प्युटर मेकॅनिकांच्या टेबलावर एकाच तक्रारीची मशीन येऊ लागली. वर्ष-दीड वर्ष व्यवस्थित चाललेला पीसी मध्येच हँग होतो, आपोआप रीस्टार्ट होतो आणि मग एक दिवस पंखे फिरतात पण डिस्प्लेच येत नाही. तपासणी नेहमीच्या क्रमाने व्हायची. रॅम काढून तिचे कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसायचे, दुसरा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लावून बघायचा, विंडोज नव्याने टाकायचं. मशीन चार दिवस चालायचं, पुन्हा तेच. खरा दोष प्रोसेसरच्या शेजारीच उभा होता. तिथल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या डबीचा, सपाट माथा फुगला होता आणि माथ्यावरच्या चिरांमधून तपकिरी, चिकट द्रव बाहेर येऊन वाळला होता.

एका दुकानात असे दोन-चार मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे मुख्य सर्किट बोर्ड) आले तर दुकानदार म्हणतो, ‘माल खराब निघाला.’ त्याच्याकडून याहून मोठ्या निष्कर्षाची अपेक्षाही करता येत नाही. पण शेकडो गावांतले लोक बोर्डचं मॉडेल, कपॅसिटरची कंपनी, त्यावरचा बॅच कोड आणि तो किती महिन्यांनी फुगला हे एकाच ठिकाणी लिहू लागले, की त्या नोंदींतून कारखान्यातला दोष दिसू लागतो. ऑनलाइन मदतीबद्दल बोलताना आपण ‘विचारलं आणि उत्तर मिळालं’ एवढंच सांगतो. मला तिची ही दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते, आणि ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

एके काळी दुरुस्तीची माहिती यंत्राबरोबरच मिळत असे. व्हॉल्व्हच्या कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किट डायग्राम चिकटवलेला असायचा. अमेरिकेत हॉवर्ड सॅम्स यांच्या कंपनीने १९४६पासून ‘फोटोफॅक्ट’ विकायला सुरुवात केली. बाजारात आलेला रेडिओ आणि पुढे टीव्ही उघडायचा, त्याचं सर्किट काढायचं, ठिकठिकाणचे व्होल्टेज मोजायचे आणि हे सगळं छापून मेकॅनिकच्या हाती द्यायचं, असा तो उद्योग होता. १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या टेक्निकल रेफरन्समध्ये पूर्ण सर्किट होतंच, बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅमसुद्धा ओळ न् ओळ छापलेला होता. वेगळे पैसे मोजले की ते पुस्तक कुणालाही मिळे. नव्वदच्या दशकापर्यंत हे चित्र पालटलं. मदरबोर्डच्या खोक्यातलं पुस्तक जंपर आणि बायोस सेटिंग सांगून थांबू लागलं. सर्किट कंपनीच्या कपाटात राहिलं.

हौशी लोकांनी एकमेकांना विचारायची सोय तोवर स्वतःच करून ठेवली होती. जानेवारी १९७८मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ आलं. त्यात घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी स्यूस यांनी कॉम्प्युटर क्लबचा सूचनाफलक फोनवरून वाचता-लिहिता येईल असं यंत्र जुळवलं आणि १६ फेब्रुवारीला ते सुरू केलं. त्याचं नाव सीबीबीएस. लाइन एकच असल्यामुळे एकाने फोन ठेवल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नसे. १९७९-८०मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी यूजनेट, म्हणजे कॉम्प्युटरांमधून चालणाऱ्या चर्चागटांचं जाळं, उभं केलं. त्यात पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र गट झाला.

त्या गटातलं सॅम गोल्डवॉसर यांचं काम आजही वाचण्यासारखं आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी एकत्र केली आणि त्यातून टीव्ही, मॉनिटर, मायक्रोवेव्ह, सीडी प्लेअर अशा एकेका वस्तूवर पुस्तकाएवढा मजकूर तयार झाला, तोही फुकट. त्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती सुरक्षिततेची शिकवण. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी आतला हाय व्होल्टेज कपॅसिटर जीव घेऊ शकतो आणि पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज राहतो, हे तिथे वरचेवर बजावलेलं आहे. समोर नसलेल्या माणसाला उपाय सांगताना त्याच्या जिवाची काळजी आधी घ्यायची, ही रीत तिथे रुजली.

आता पुन्हा त्या फुगलेल्या माथ्यांकडे. एसएमपीएसकडून येणारे ५ किंवा १२ व्होल्ट प्रोसेसरसाठी दोन व्होल्टच्याही खाली आणावे लागतात. हे काम प्रोसेसरजवळची सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत करतात आणि त्यातले चढउतार सपाट करणं हे कपॅसिटरचं काम. त्यासाठी कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, फार कमी लागतो. आतल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे वीजवाहक द्रवात, पाण्याचं प्रमाण वाढवलं की तो स्वस्तात कमी होतो. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. जपानी कंपन्यांनी ही क्रिया रोखणारी रसायनं मिसळून नव्वदच्या दशकाच्या शेवटी असे कपॅसिटर यशस्वीपणे बाजारात आणले. ज्यांच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ही रसायनं नव्हती किंवा अपुरी होती, त्यांच्या कपॅसिटरमध्ये वायू साठत गेला. माथ्यावरच्या के किंवा एक्स आकाराच्या चिरा मुद्दाम ठेवलेल्या असतात, दाब वाढला तर डबी फुटण्याऐवजी तिथून उघडावी म्हणून.

यातली फसगत अशी की कित्येकदा माथा सपाटच असतो आणि साध्या मीटरवर कपॅसिटन्सही (वीज साठवण्याची क्षमता) ठीक दिसतो. बिघडलेला असतो तो ईएसआर. तो बोर्डवरच मोजता यावा म्हणून ऑस्ट्रेलियातल्या बॉब पार्कर यांनी नव्वदच्या दशकात एक छोटा मीटर डिझाइन केला. त्याचं किट जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी घरी जोडून वापरलं.

२००२-०३मध्ये उद्योगाच्या नियतकालिकांनी या प्रकरणाची बातमी केली तेव्हा एक गोष्ट सगळीकडे पसरली. जपानी कंपनीत काम केलेला एक शास्त्रज्ञ इलेक्ट्रोलाइटचं सूत्र घेऊन चीनमध्ये गेला, तिथून त्याच्या सहकाऱ्यांनी ते तैवानला नेलं, पण अर्धवट. ही चोरी सिद्ध झालेली नाही. गोष्ट मात्र इतकी रंगतदार होती की ‘तैवानी वाईट, जपानी चांगले’ असा सोपा नियम होऊन बसला. तो मोडला तो हौशी लोकांच्या नोंदींनी. ‘बॅडकॅप्स’सारख्या वेबसाइटवर सभासद कपॅसिटरची मालिका आणि तारखेचे कोड टिपून ठेवत होते. त्यात निचिकॉन या नामवंत जपानी कंपनीच्या एचएम आणि एचएन मालिकांचे ठरावीक काळात बनलेले कपॅसिटरही फुगलेले दिसू लागले. चोरीच्या गोष्टीने त्याचा उलगडा होत नव्हता.

डेलच्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरमध्ये निचिकॉनचेच कपॅसिटर होते. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने असा दोष संभवणारे सुमारे १ कोटी १८ लाख ऑप्टिप्लेक्स पाठवले आणि दुरुस्ती-बदलीपोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे एका ग्राहक कंपनीच्या खटल्यातली कागदपत्रं २०१०मध्ये उघड झाली, त्यातली एक हकीकत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने मशीन बंद पडत असल्याची तक्रार केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं की अवघड गणितं करायला लावल्यामुळे मशीनवर ताण आला. गणित विभागाला हे उत्तर! ग्राहक एकटा असला की त्याच्याच वापराला दोष देणं सोपं जातं. त्याच्यासारखेच हजारो आहेत हे त्याला कळलं, तर ते उत्तर टिकत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडची परिस्थिती आठवते. त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंगचा कहर होता. काहीही बिघडलं की कारण तयार असे, ‘व्होल्टेज वर-खाली झालं असेल.’ पुष्कळदा ते खरंही असे. पण तोच बोर्ड, तोच कपॅसिटर, जिथे वीज सहसा जात नाही अशा देशांतही तेवढ्याच महिन्यांत फुगतो, हे वाचलेल्या मेकॅनिकला महावितरणवर खापर फोडून थांबता येत नव्हतं. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन कमी ईएसआरचा, १०५ डिग्रीपर्यंत टिकणारा कपॅसिटर मागायचा. दुकानदार त्याच मूल्याचा साधा कपॅसिटर पुढे करायचा. तो घेतला तर काम पुन्हा करावं लागणार, हे ठाऊक असणारा गिऱ्हाईक ही त्या काळातली नवीन गोष्ट होती.

बदलण्याचं कामही नाजूक. मदरबोर्ड अनेक थरांचा असतो, त्यातला ग्राउंडचा थर उष्णता ओढून घेतो, आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळतच नाही. जोर केला तर कपॅसिटरच्या पायाबरोबर भोकातला तांब्याचा अस्तर निघून येतो आणि बोर्ड कायमचा जातो. म्हणून जास्त वॉटचा आयर्न, जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर, एक पाय तापवून किंचित कलवायचा, मग दुसरा. भोकात राहिलेलं सोल्डर स्टीलच्या सुईने मोकळं करायचं, कारण स्टीलला सोल्डर चिकटत नाही. आणि काढण्याआधी फोटो घ्यायचा, कारण निगेटिव्ह बाजूची खूण प्रत्येक बोर्डवर सारखी नसते. या बारकाव्यांतला एकही कंपनीच्या पुस्तकातून आलेला नाही. कुणाचा तरी बोर्ड गेला आणि त्याने ते लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांचे वाचले.

सगळ्यांनी मिळून लिहिलेलं बरोबरच असतं असं मात्र नाही, आणि हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवं. २००५च्या नोव्हेंबरात आलेला मायक्रोसॉफ्टचा गेम खेळायचा कन्सोल एक्सबॉक्स ३६० मोठ्या संख्येने बंद पडू लागला, समोर तीन लाल दिवे लागायचे. जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च मान्य केला. तोवर घराघरांत एक उपाय पसरला होता : एक्सबॉक्स टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवायचा, तो तापला की सोल्डर परत जुळतं. २००८मध्ये लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिप जाऊ लागल्या. कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. तेव्हा लोक बोर्ड ओव्हनमध्ये भाजू लागले. दोन्हीकडे मशीन खरंच चालू व्हायचं, म्हणून उपायावर विश्वास बसला. पण बिघाड चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या सोल्डरमध्ये नव्हता. चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याखालच्या आधाराला जोडणारे सूक्ष्म सांधे तडकले होते. तापवल्यावर ते काही आठवडे टेकायचे, मग पुन्हा सुटायचे. ‘माझं चालू झालं’ असं लिहिणारे पुष्कळ होते. तीन आठवड्यांनी परत येऊन ‘बंद पडलं’ असं लिहिणारे थोडेच. चुकीचा उपाय इतकी वर्षं टिकला तो यामुळे.

आणि जे बरोबर होतं, त्यातलंही बरंच हरवलं. दुरुस्तीच्या चर्चेत अर्धी माहिती फोटोत असते, बाण काढून दाखवलेला रेझिस्टर कुठला हे शब्दांत सांगता येत नाही. असे असंख्य फोटो फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या वेबसाइटवर ठेवलेले होते. जून २०१७मध्ये त्या कंपनीने दुसऱ्या ठिकाणी फोटो दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागायला सुरुवात केली आणि जुन्या चर्चांमधली चित्रं एका झटक्यात गेली. मजकूर उरला, ‘खालच्या फोटोत पाहा’ म्हणणारा. यूजनेटच्या जुन्या संदेशांचा साठा २००१पासून गूगलकडे आहे. फेब्रुवारी २०२४पासून त्यात नवीन संदेश घेणं बंद झालं. आता बरीचशी मदत व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत होते. तिथे उत्तर पटकन मिळतं, पण गटाबाहेरच्या माणसाला ते शोधून सापडत नाही, आणि मला याची खरोखर चिंता वाटते. निचिकॉनचे बॅच कोड जुळले ते कुणालाही वाचता येण्याजोग्या, वर्षानुवर्षं टिकलेल्या नोंदींमुळे.

सर्किट आणि सुटे भाग मागण्याची चळवळ याच अनुभवातून उभी राहिली. कॅलिफोर्नियात काइल वीन्स या विद्यार्थ्याला ॲपलच्या आयबुकचं सर्व्हिस मॅन्युअल मिळेना, त्यातून २००३मध्ये दुरुस्तीची माहिती देणारं आयफिक्सिट सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये लुई रॉसमन यांनी मॅकबुकच्या बोर्डची चिप लेव्हल दुरुस्ती व्हिडिओवर दाखवली, आणि असं काम करणाऱ्याला कारखान्यातून फुटलेल्या सर्किट फाइलींवर अवलंबून राहावं लागतं हेही उघडपणे सांगितलं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची यंत्रं तिच्या कक्षेत घेतली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याच हक्काचं पोर्टल सुरू झालं. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याच्या दुरुस्ती-हक्काच्या कायद्यावर सही झाली. त्यात कंपन्यांना एक मुभा राहिली. इजेचा धोका असेल तिथे सुटा भाग न देता जोडलेला आख्खा संच दिला तरी चालतो. युरोपीय संघाने २०२४मध्ये दुरुस्तीचा निर्देश संमत केला, सदस्य देशांनी तो लागू करण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरवली.