पक्षी पुनर्वसन
पक्षी पुनर्वसन : जखमी, आजारी किंवा पोरक्या वन्य पक्ष्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडण्याची प्रक्रिया. या व्याख्येत ‘सोडणे’ निर्णायक आहे. पक्षी जन्मभर पोसणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, आणि हा भेद न पाळल्याने प्रथेच्या उगमाविषयी बरीच गल्लत झाली आहे.

उगम : पुष्कळ लेखक हा उगम सम्राट अशोकापर्यंत (इ. स. पू. तिसरे शतक) नेतात. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात ‘मनुसचिकीछा’ (माणसांची चिकित्सा) व ‘पसुचिकीछा’ (पशूंची चिकित्सा) असे शब्द येतात. त्यांवरून काहींनी प्राण्यांची रुग्णालये कल्पिली. इतरांच्या मते तेथे केवळ उपचारांची सोय अभिप्रेत आहे. पुढच्याच ओळींत औषधी वनस्पती, मुळे व फळे लावल्याचा उल्लेख असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय ‘पसु’मध्ये पक्षी धरावेत का, हा प्रश्न उरतोच. पाचव्या स्तंभलेखात पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस यांची नावे आहेत. पण तो वधबंदीचा आदेश आहे, शुश्रूषेचा नव्हे.

पक्ष्यांच्या रुग्णालयाचा निःसंदिग्ध पुरावा खंबायतचा (खंभात, गुजरात) आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रॅल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने त्याची ओझरती नोंद केली. १६२३ मध्ये प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने ते आतून पाहिले. खोली लहानशी, पण कोंबड्या, कबुतरे, मोर, बदके यांनी भरलेली. बरा झालेला पक्षी रानटी असेल तर मोकळा सोडत, पाळीव असेल तर एखाद्या धार्मिक गृहस्थाच्या हवाली करत. (प्रवाशाला सर्वांत नवल वाटले ते मात्र उंदरांच्या पोरक्या पिल्लांचे : पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा चढवून त्यांना पिसाने दूध पाजत होता.) रानटी व पाळीव यांतला हा फरक पाहता, आजच्या पुनर्वसनाचे पूर्वरूप पांजरपोळापेक्षा खंबायतच्या या खोलीत शोधणे सयुक्तिक ठरते. मुंबईचा पांजरपोळ (१८३४) निराधार जनावरांना आसरा देण्यासाठी निघाला; मराठीत निकामी माणसांच्या भरण्यालाही ‘पांजरपोळ’ म्हणतात, ते उगीच नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालय साधारण १९२९-३० चे आहे. शिकारी पक्ष्यांवर तेथे उपचार होतात, पण त्यांना शाकाहारी पक्ष्यांच्या कक्षात ठेवत नाहीत.

तंत्र : पक्ष्याच्या दंडाचे हाड बहुधा पोकळ असून हवापिशवीला जोडलेले असते. त्यामुळे तेथील उघडी जखम भरपूर पाण्याने धुतल्यास पाणी श्वसनमार्गात उतरू शकते. मोडलेला पंख इंग्रजी आठच्या आकारात पट्टी गुंडाळून अंगाशी बांधतात. पण पट्टी फार दिवस तशीच राहिली, तर खांद्यापासून मनगटापर्यंतची पातळ कातडी आखडते, आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही. मांजाच्या जखमांत अनेकदा ही कातडीच चिरलेली असते.

मोडक्या पिसांवर ‘पीसजोड’ हा श्येनविद्येतून (ससाण्यांकरवी शिकार करण्याच्या कलेतून) आलेला उपाय आहे. पीस मुळापाशी थोडे राखून कापतात, पोकळ दांडीत बांबूची तासलेली काडी गोंद लावून बसवतात आणि गळलेले किंवा मृत पक्ष्याचे पीस तिच्यावर चढवतात. जात, बाजू आणि पिसाचा क्रमांक तोच लागतो. डाव्या पंखाचे तिसरे पीस उजव्याला चालत नाही. पुढच्या पीसगळतीत ते गळून नवे उगवते.

पिल्लू माणसाळू नये म्हणून भरवणारा चेहरा झाकतो किंवा स्वजातीचे प्रौढ पक्षी जवळ ठेवतात.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्य पक्षी विनापरवाना घरी ठेवता येत नाही, सापडलेला पक्षी वन विभागाकडे सोपवावा लागतो. महाराष्ट्रात नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे ‘ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर’ आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. संक्रांतीच्या आठवड्यात उपचार केंद्रांतली गर्दी तरीही हटलेली नाही.

मुक्तता : पक्षी शक्यतो सापडला त्याच परिसरात सोडतात; घुबडे तिन्हीसांजेला, स्थलांतरित पक्षी त्यांचे जातभाई परतीला निघण्यापूर्वी.