ट्रामचे रूळ रस्त्यात गाडले, तिथपासूनची भानगड

रेल्वेचा रूळ उघड्यावर असतो. खडी, स्लीपर, क्लिपा सगळं डोळ्यासमोर, कीमन हातोडा घेऊन चालत जातो आणि काय सैल झालंय, काय तुटलंय ते बघतो. ट्रामच्या रुळाला ही सोय नाही. वरून दिसतात त्या फक्त लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यातली खाच, बाकी सगळं डांबराच्या नाहीतर काँक्रीटच्या पोटात. सध्या सेन्सर, एआय, प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स (बिघाड व्हायच्या आधीच ओळखून दुरुस्ती करणं) असं जे काय चाललंय ते समजून घ्यायचं तर आधी हे डोक्यात ठेवायला लागतं, की जो रूळ दिसतच नाही त्याची तब्येत कशावरून ओळखायची हाच प्रश्न लोक शंभरेक वर्षं सोडवत बसलेत.

मुळात रूळ गाडायची वेळ आली ती बाकीच्या वाहनांमुळे. न्यूयॉर्कला 1832 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, पण सुरुवातीच्या रुळांची कड रस्त्याच्या वर यायची. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाचा (आडनाव खरंच ट्रेन!) एक खटपट्या अमेरिकन 1860 ला इंग्लंडात बर्कनहेडला आणि 1861 ला लंडनमध्ये ट्राम घेऊन आला, तर त्याच्या रुळांवर बग्ग्यांची चाकं अडकायला लागली, लोकांनी बोंबाबोंब केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि लंडनचे रूळ उखडून टाकावे लागले. खाचेच्या रुळाची आयडिया त्याआधीच, 1852 च्या सुमारास, आल्फोन्स लूबा या फ्रेंच माणसाने न्यूयॉर्कमध्ये वापरून दाखवली होती. शेवटी तीच सगळीकडे रुजली. रूळ रस्त्याच्या लेव्हलला, चाकाची कड खाचेत, आणि वरून कोणीही जा.

मग 1870 चा ब्रिटिश ट्रामवे कायदा आला. त्यात एक कलम असं की रुळांच्या मधला रस्ता आणि बाहेरच्या बाजूला 18 इंचांपर्यंतचा रस्ता ट्राम कंपनीनेच नीट ठेवायचा. म्हणजे खड्डा कोणाच्याही गाडीने पाडलेला असो, बिल कंपनीला. रूळ आणि रस्ता ही दोन वेगळी कामं नाहीत, हे तेव्हाच कागदावर आलं. आपल्या मुंबईत 9 मे 1874 ला कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावायला लागली ती याच काळात. घोड्यांच्या ट्रामचं वजन ते किती, वेग तो किती, त्यामुळे तोवर रुळाची फार काळजी करायचं कारण नव्हतं.

खरं दुखणं सुरू झालं विजेबरोबर. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला सीमेन्सने 1881 मध्ये विजेची ट्राम काढली, 1888 मध्ये अमेरिकेत रिचमंडला फ्रँक स्प्रेगने अख्खं शहराचं नेटवर्क विजेवर चालवून दाखवलं, आणि मग लाटच आली. मुंबईत 1907. मोटर लावलेल्या जड गाड्या रुळांच्या सांध्यांवर दणादण आपटायला लागल्या. त्यावर उपाय जर्मनीत निघाला, हान्स गोल्डश्मिटची थर्मिट पद्धत: ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडची पूड पेटवायची, वितळलेलं लोखंड सांध्यात ओतायचं. 1899 मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ असे जोडले. आज रेल्वेत सर्रास दिसणारं हे वेल्डिंग पहिल्यांदा धंद्यात उतरलं ते ट्रामच्या रुळावर.

दुसरं दुखणं जास्त चिवट. रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उठतात, इंग्रजीत त्याला कॉरुगेशन म्हणतात, आणि गाडी वरून गेली की घूंऽऽ असा आवाज येतो. समजा लाटांमधलं अंतर 5 सेंटीमीटर आणि ट्रामचा वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर, तर चाक सेकंदाला 200 वेळा थरथरणार. तो सूर कानाला चक्क ऐकू येतो. त्यामुळे रूळ न उकरता केलेलं पहिलं मॉनिटरिंग कानानेच झालं: ड्रायव्हर सांगायचा, रस्त्यावर राहणारे तक्रार करायचे, आणि मग ग्राइंडिंगची गाडी पाठवून माथा घासून घ्यायचे. अशा लाटा का उठतात यावर 1890 च्या दशकापासून लिहिलं जातंय आणि सगळ्या प्रकारांना एकच कारण आजही देता येत नाही.

तिसरं दुखणं सगळ्यात लपलेलं. वरच्या तारेतून आलेली वीज रुळातून सबस्टेशनला परत जाते, पण इन्सुलेशन कच्चं असलं की थोडी जमिनीत झिरपते आणि पाण्याच्या नाहीतर गॅसच्या पाइपातून वाट काढते. जिथून ती लोखंड सोडून मातीत जाते तिथे लोखंड विरघळतं. एक अँपिअर वर्षभर असा झिरपला तर साधारण 9 किलो लोखंड जातं. बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्याने म्हणून नियम केला की परतीच्या रुळावर व्होल्टेजचा फरक 7 व्होल्टच्या वर जाता कामा नये. माझ्या मते ट्रामच्या रुळाचं कायद्याने करायला लावलेलं पहिलं खरं मॉनिटरिंग हेच, रूळ न बघता मीटरवरून तब्येत ओळखायची.

आता ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडे येऊ, कारण हा सगळा मामला तिथे एकाच शहरात बघायला मिळतो. 1950-60 च्या दशकांत जगभर ट्राम बंद पडत होत्या, सिडनीची 1961 ला गेली, मुंबईची 31 मार्च 1964 ला, ब्रिस्बेनची 1969 ला. मेलबर्नची राहिली. रुंद रस्ते, युनियनचा जोर अशी कारणं आहेतच, पण एक मोठं कारण म्हणजे ट्राम बोर्डाचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन. हा लष्करातला इंजिनीअर माणूस, 1949 ते 1970 खुर्चीवर होता, आणि त्याने रूळ सरळ काँक्रीटच्या लादीत बसवायला सुरुवात केली, हेतू हा की उद्या कुठल्या पुढाऱ्याला ट्राम काढायची हुक्की आली तरी उखडायचा खर्च ऐकून गप्प बसेल. डाव यशस्वी झाला. आज तिथे साधारण 250 किलोमीटरचा दुहेरी मार्ग आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या ट्राम नेटवर्कांपैकी एक, आणि त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग मोटारींच्या बरोबरीने रस्त्यावरच. पण ज्या काँक्रीटने ट्राम वाचवली त्याच काँक्रीटमुळे रूळ बदलायचा म्हणजे रस्ता फोडायचा, वाहतूक वळवायची, दुकानदारांच्या शिव्या खायच्या. चुकीच्या जागी फोडलं तर पैसे पाण्यात. म्हणून आधीच अंदाज हवा.

ही अंदाजाची पद्धत आली विमानांकडून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी काम करणाऱ्या वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ठरलेल्या तारखेला विमान खोलून तपासलं की लगेच नंतर बिघाड वाढतात. मग 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अहवालात दाखवून दिलं की विमानाचे बहुतेक पार्ट वयावर बिघडतच नाहीत, तेव्हा कॅलेंडर बघून बदलण्यापेक्षा स्थिती बघा.

रूळ मात्र झिजतो, आणि बऱ्यापैकी अंदाज बांधता येईल असा झिजतो. मेलबर्नच्याच आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, जुन्या नोंदी घेऊन मॉडेल बसवली: मागच्या वेळी गेज किती होतं, वरून किती टन वजन गेलं, रुळाचा प्रकार कोणता, वळण किती कडक. वळणावर चाकाची कड रुळाला बाजूने घासते, म्हणून तिथे झीज सरळ रस्त्यापेक्षा जास्त, हे जुन्या मुकादमालाही ठाऊक होतं. फरक एवढाच की कुठलं वळण आधी जाणार याचा आता आकडा निघतो.

दुसरा रस्ता म्हणजे नेहमीच्या प्रवासी ट्रामच्या ॲक्सलबॉक्सवर, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगच्या डबीवर, ॲक्सेलरोमीटर, म्हणजे धक्के-कंपनं मोजणारे सेन्सर, बसवायचे. वेगळी मोजणीची गाडी रात्री काढायची गरज नाही, तीच ट्राम दिवसभर तोच रूळ मोजत फिरते. विकणाऱ्यांच्या ब्रोशरमध्ये हे फार सोपं दिसतं, पण उंच इमारतींमध्ये जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे गेलं की धक्का या सांध्यावरचा की पुढच्या वेल्डवरचा हे कळत नाही, शिवाय चाकच सपाट झिजलेलं असेल तर सगळा रूळ खराब दाखवतो. त्यामुळे चाकाच्या फेऱ्या मोजणं, रुळालगत जागा ओळखायला टॅग लावणं, एकाच जागेवरून गेलेल्या अनेक ट्रामची रीडिंग एकमेकांशी ताडून बघणं, हे सगळं करायला लागतं, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे, एआय त्याच्या नंतर.

झिरपणाऱ्या विजेने रुळाचा खालचा पाया खाल्ला जातो तो मात्र या कंपनातून सहसा उशिरा कळतो, रूळ हलायला लागल्यावर. त्यासाठी अजूनही रूळ आणि जमीन यांच्यातलं व्होल्टेज आणि रेझिस्टन्सच मोजायला लागतो, तुकड्यातुकड्याने.