पाय फिरवून बचावपटू चकतो का?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला आणि कुणी चेंडूवरून दोनदा पाय फिरवला की गॅलरी शिट्ट्यांनी दणाणते. त्यातून एक समज पक्का झालाय: जेवढ्या करामती जास्त, तेवढा खेळाडू भारी. तालमीतली, म्हणजे इथल्या फुटबॉल संघांतली, पोरं मोबाईलवर बघून त्याच घोटत बसतात. हा समज चुकीचा आहे.

बचावपटू चकतो तो आपल्या अंगाचा भार चुकीच्या पायावर गेला म्हणून. तो भार परत फिरवायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात वेग वाढवून निसटलात तरच करामत फळते. जागेवर उभं राहून चार वेळा पाय फिरवलात, तर उलट त्यालाच सावरायला वेळ मिळतो. ब्राझीलचा गारिंचा बहुतेकदा उजवीकडूनच निसटायचा. नेदरलँड्सचा रॉबेन उजव्या बगलेवरून डाव्या पायावर चेंडू घेत आत शिरायचा. समोरच्याला हे आधीच ठाऊक असायचं, तरी त्या वेगापुढे अडवणं कठीण जायचं.

म्हणून करामती निव्वळ दिखाऊ, असंही नाही. १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या क्रॉयफनं स्वीडनच्या यान ओल्सनला एकाच वळणात साफ चकवलं. आधी पास देण्याची हूल इतकी खरी होती की ओल्सन तिकडेच झुकला. सामना मात्र ०-० सुटला.

आपल्याच गोलसमोर हे करू नये. तिथं चेंडू हिसकावला गेला की थेट गोलच बसतो.