कालव्याकाठची वाट की नदीकाठची? ग्रॅव्हल सायकलिंगच्या दोन वाटा

नकाशावर दोन्हीकडे निळीच रेघ असते आणि तिच्या कडेने जाणारी सायकलची वाट. गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, एका बाजूला पाणी आणि चाकाखाली बारीक खडी. त्यामुळे ‘पाण्याच्या कडेने जायचंय ना, मग सपाटच असणार’ असं धरून बरेच जण दोन्हींची तयारी एकसारखी करतात. माझ्या मते ग्रॅव्हल सायकलिंगमधला, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरच्या सायकलिंगमधला, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. कालव्याची पातळी माणसाने आखलेली असते. नदीने आपली वाट स्वतः कोरलेली असते आणि सायकलची वाट तिच्या मागून, जमेल तिथून जाते. चढ, थकवा, चिखल, वाटेचा सलगपणा, सगळा फरक इथूनच सुरू होतो.

नौकांसाठी बांधलेल्या जुन्या कालव्यांकाठची वाट मुळात घोड्यांची. इंजिन येण्याआधी काठावरून चालणारा घोडा दोराने नाव ओढत असे. या वाटेला टोपाथ म्हणतात. ती मध्येच तुटली तर मालवाहतूकच थांबायची, म्हणून ती सलग ठेवणं भागच होतं. रस्ता आडवा आला की तो पुलावरून जातो आणि टोपाथ कमानीखालून. काठ बदलायचा असेल तिथे काही ठिकाणी घोड्याचा दोर न सोडता पलीकडे जाता यावं असे वळणदार पूल बांधले गेले. ब्रिटनमधल्या जुन्या पुलांपाशी सायकल थांबवून कमानीचा कोपरा जवळून पाहा. ओला, वाळूने भरलेला दोर वर्षानुवर्षं घासून दगडात खाचा पडल्या आहेत, अगदी बोट बसेल अशा. आज आपल्याला गाड्यांशिवाय तासन्‌तास जाता येतं ते त्या घोड्यांमुळे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता चढाचं. अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत २९७ किलोमीटर जातो. एवढ्या अंतरात एकूण चढ आहे सुमारे १८४ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी ६२ सेंटिमीटर. आणि तोही वाटेभर पसरलेला नाही. दोन लॉकच्या (नाव वर-खाली नेण्यासाठी दारं लावून बांधलेल्या कुंडांच्या) मधलं पाणी सपाट, आणि पाण्याची पातळी बदलायची ती लॉकपाशीच. ७४ लॉक, प्रत्येकी साधारण अडीच मीटर. एकेक पायरी कित्येक किलोमीटर लांबीची असावी, असा हा जिना आहे. लॉक आलं की छोटासा चढ, दहा-बारा पेडल जोरात, आणि पुन्हा सपाटी.

मात्र ‘सपाट म्हणजे सोपं’ हा हिशेब इथे चुकतो. उतारच नाही म्हटल्यावर पाय थांबायची सोयच नाही. डोंगरी रस्त्यावर चढाला आपण सीटवरून उठतो, उताराला पाय मोकळे सोडतो, हातांची जागा बदलतो. कालव्यावर तासामागून तास तोच गिअर, तीच बैठक. तीन तासांनी पायांपेक्षा बूड आणि मनगटं जास्त बोलायला लागतात. त्यात बांधाच्या उंचीवरून जाणाऱ्या सरळ पट्ट्यात समोरून वारा असेल तर तो न संपणारा चढच समजा. माझा सल्ला साधा आहे: प्रत्येक लॉक हा सीटवरून उठायचा इशारा माना, आणि कालव्याच्या दिवसाचं अंतर चढ बघून नाही, वाऱ्याचा अंदाज बघून ठरवा.

कालवा कायम सपाटच असतो असंही नाही. इंग्लंडमध्ये डिव्हायझेसजवळ केन हिल इथे केनेट अँड एव्हन कालवा सुमारे ३ किलोमीटरमध्ये २९ लॉक चढून ७२ मीटर वर जातो, त्यातली १६ लॉक एका सरळ ओळीत. बोगदे हा आणखी एक प्रकार. पुष्कळ जुन्या बोगद्यांत टोपाथच नाही. तिथे नावाडी छताला-भिंतींना पाय लावून नाव पुढे ढकलत आणि घोडा टेकडीवरून पलीकडे नेत. सायकलवाल्यालाही त्याच टेकडीवरून जावं लागतं. याउलट चेसापीक अँड ओहायोच्या पॉ पॉ बोगद्यात आतूनच वाट आहे, जवळजवळ ९५० मीटर, काळोखी आणि खाचखळग्यांची. तिथे दिवा हवाच, आणि सायकल हातात धरून चालणंच शहाणपणाचं.

नदीकाठचं गणित वेगळं. नदी सतत उतरत असते, पण वाट तशी सतत उतरत नाही. काठ रुंद आहे तोवर ती पाण्यालगत जाते. कडा पाण्यात घुसला की वाट डोंगराच्या अंगावर चढते आणि पलीकडे पुन्हा खाली येते. उपनदी मिळते तिथे पूल मुखापाशीच असेल याची खात्री नाही. बऱ्याचदा आत वळसा घालावा लागतो. असे पाच-दहा छोटे चढ झाले की संध्याकाळी बेरीज कालव्याच्या कित्येक पट निघते. काठची जमीन शेतीची किंवा खासगी असेल तर वाट सरळ गावातल्या रस्त्यावर येते. पासाऊ ते व्हिएन्ना ही डॅन्यूबकाठची वाट युरोपात इतकी लोकप्रिय, तरी तिथेही काही भाग कमी रहदारीच्या रस्त्यांवरून जातो, आणि मध्ये काठ बदलायला सायकली घेणाऱ्या छोट्या होड्या आहेत. म्हणजे ‘वाहतूकमुक्त’ हा शब्द कालव्याला जेवढा शोभतो तेवढा नदीला नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हा एकच मुद्दा निवडीला पुरेसा आहे.

पण सायकल चालवण्याचा आनंद म्हणाल तर मी नदीकडे झुकतो. गिअर बदलत राहतो, वळणामागे काय आहे ते कळत नाही, खोरं अरुंद होतं, मग एकदम उघडतं. शरीरही कमी आखडतं, कारण त्याला एकसारखं काम नसतं.

नदीच्या वाटेवर एका गोष्टीला मात्र मान द्यावाच लागतो, ती म्हणजे पुराचा गाळ. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी वरचा थर वाळतो, भेगा पडतात, आणि लांबून वाट कोरडी ठणठणीत दिसते. चाक वर गेलं की पापुद्रा फुटतो आणि खालचा चिकट गाळ टायरला धरतो. तो फोर्क आणि टायरच्या मधल्या जागेत साठत जातो आणि शंभर-दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. टायर आणि फ्रेममध्ये किती मोकळी जागा आहे हे म्हणूनच टायरच्या नक्षीपेक्षा महत्त्वाचं. कालव्यावर चिखल असतो तो बहुतेक पावसाच्या डबक्यांचा. वैताग आणतो, पण सहसा अडकवत नाही. तिथे खरा त्रास दोन गोष्टींचा: झाडांची मुळं आणि काटे. फ्रान्समधल्या कनाल दु मिदी या कालव्याच्या काठच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची मुळं वाटेत उचलून आली आहेत, आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्याआधी काटेरी कुंपणं छाटली की वाटेवर पंक्चरची पेरणी होते. दोन्हीकडे ४० मिलिमीटरच्या आसपासचा ट्यूबलेस टायर आणि आत ताजं सीलंट (छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव) असलं की निम्मी चिंता मिटते. हवा मात्र कालव्याच्या मुळांसाठी थोडी कमीच बरी.

आणखी एक फरक नकाशा नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. कालवा पाणलोटाचा माथा ओलांडू शकतो, नदी नाही. १६८१ साली पुरा झालेला कनाल दु मिदी तुलूझहून चढत नोरूझच्या खिंडीत सुमारे १८९ मीटरवर पोचतो आणि तिथून भूमध्य समुद्राकडे उतरतो. माथ्यावरच्या पाण्यासाठी डोंगरातून वेगळे पाट आणि सँ-फेरेओलचा मोठा तलाव बांधावा लागला. सायकलवाल्याला मात्र एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेल्याचं पायांना कळतही नाही. नदीच्या वाटेने जाल तर खोरं संपतं आणि समोर खिंडीचा खरा चढ उभा राहतो.

मिश्र प्रकारही आहेत आणि गोंधळ तिथेच जास्त होतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला नाँत–ब्रेस्त कालवा बराचसा नद्याच बांधून-अडवून केलेला आहे: काठ नदीचा, वाट टोपाथची, आणि मध्ये माथा ओलांडणारा खोदलेला कालवा. चेसापीक अँड ओहायोची वाट तर पोटोमॅक नदी आणि कालवा यांच्या मधून जाते. चढ कालव्याचा, पूर नदीचा! १९२४ च्या पुरानंतर तिथली मालवाहतूक कायमची बंद पडली. आणि कंबरलँडला तिला जोडून पिट्सबर्गकडे जाणारी २४० किलोमीटरची ग्रेट अलेगेनी पॅसेज ही वाट नदीखोऱ्यातून जात असली तरी स्वभावाने रेल्वेची आहे. जुन्या लोहमार्गावर चुनखडीचा चुरा दाबून केलेली, पाण्याचा निचरा चांगला, आणि चढ दोन टक्क्यांच्या आत. पण कंबरलँडहून निघालात तर तो चढ सुमारे ३७ किलोमीटर सलग आहे, आणि पिट्सबर्गहून आलात तर तेच अंतर नुसतं उतरायचं.

सिंचनाच्या कालव्यांचं वेगळं सांगायला हवं. त्यांच्या काठचे कच्चे रस्ते देखभालीच्या गाड्यांसाठी असतात, तिथे जायला परवानगी लागू शकते. पाणी वाहतं असतं, आणि काँक्रीटच्या तिरक्या शेवाळलेल्या बाजूंवरून पडलेल्या माणसाला बाहेर येणं फार कठीण. तिथे पाण्याच्या कडेने नाही, वाटेच्या आतल्या बाजूने चालवा. नौकांच्या कालव्यांत धोक्याची जागा लॉकची: खोल, उभ्या भिंतींची. पुलाखालच्या अरुंद, आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, वेग चालण्याइतका ठेवा, आणि समोरून कुणी पायी येत असेल तर थांबून आधी त्यांना जाऊ द्या.

निघण्याआधी नकाशावर दोन गोष्टी तपासा: निळ्या रेघेवर लॉकच्या खुणा आहेत का, आणि वाट समोच्चरेषा कितीदा कापते. लॉक दिसली तर दिशा वाऱ्यावरून ठरवा. वाट रेषा वारंवार कापत असेल तर नदीच्या प्रवाहाबरोबर जा, आणि गेल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात पाऊस किती झाला ते पाहून घ्या.