बर्सायटिस: दुखणं सांध्याचं, नावं कामाची

लॅटिनमध्ये ‘बर्सा’ म्हणजे बटवा. हाडावर कातडी किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे घासते, तिथे शरीरात असे चपटे, बंद बटवे असतात. सगळे मिळून साधारण दीडशे. निरोगी बर्सा हाताला लागतही नाही. तिचे दोन पदर ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे थेंबभर वंगणावर एकमेकांवरून सरकत राहतात. कोपराच्या टोकावरची थैली जन्मतः नसते, लहानपणी टेकून-घासून तयार होते. पायाचा अंगठा वाकडा होऊन त्यावर चप्पल घासत राहिली, तर तिथेही नवी थैली धरते. घर्षण सोसण्यासाठी शरीराने केलेली ही सोय. तेच घर्षण प्रमाणाबाहेर गेलं की पदर जाड होतो, पाणी जास्त झिरपतं आणि थैली फुगते. यालाच बर्सायटिस म्हणतात.

एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी 1788 मध्ये मानवी शरीरातल्या बर्सांचं सविस्तर, सचित्र वर्णन छापलं. पण दुखण्याला खरी नावं पडली ती कामावरून. इंग्रजीत ‘हाउसमेड्स नी’ म्हणजे मोलकरणीचा गुडघा आणि ‘क्लर्जीमन्स नी’ म्हणजे पाद्र्याचा गुडघा. दोघंही गुडघे टेकणारीच, मग नावं दोन का? फरशी घासणारी बाई पुढे झुकते, तेव्हा भार थेट वाटीवर येतो. प्रार्थनेला बसलेला पाद्री ताठ असतो, त्याचा भार वाटीच्या खाली पडतो. सूज नेमकी कुठे आहे यावरून काम ओळखता येई. फळीवर तासन्‌तास बसणाऱ्या विणकराच्या बैठकीच्या हाडाखालची थैली सुजे, तिला ‘वीव्हर्स बॉटम’ म्हणत. येवल्यात खड्डामागावर पैठणी विणणाऱ्याची बैठक आठवली की हे नाव लगेच पटतं.

ब्रिटनच्या कोळसा खाणींत छत इतकं ठेंगणं असे की कामगार गुडघ्यांवर आणि कोपरांवर रांगत कोळसा तोडायचे. त्यांच्या ‘बीट नी’ आणि ‘बीट एल्बो’ला, म्हणजे सुजलेल्या गुडघ्या-कोपरांना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या भरपाई कायद्यात जागा मिळाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही गुडघ्याचा आणि कोपराचा बर्सायटिस आहे. आपल्याकडे फरशी बसवणारा कारागीर आणि चार घरच्या लाद्या पुसणारी बाई याच दुखण्याने बेजार असतात, पण त्यांचं दुखणं ‘वय झालं’ या शब्दांत गुंडाळलं जातं. हे चूक आहे.

मग उपचारांचं लक्ष कामावरून सुईकडे वळलं. कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या शोधाला 1950 चं नोबेल मिळालं आणि 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याची पद्धत मांडली. बर्सालाही तेच लागू झालं. खांद्याबाबत तर 1972 मध्ये चार्ल्स नीअर यांनी हाडाच्या छपराखाली कंडरा चेपते असं सांगून ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. 2018 मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या चाचण्यांनी ही शस्त्रक्रिया लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली. रुग्णाला जाणवेल असा फरक निघाला नाही.

खुब्याच्या बाजूच्या दुखण्याचंही तसंच झालं. सोनोग्राफीत पाहिलं, तर बहुतेकांचा मूळ बिघाड थैलीत नसून कुल्ह्याच्या कंडरेत दिसला. 2018 च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत 204 रुग्ण होते. आठ आठवड्यांनी व्यायाम आणि भार सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्यांना इंजेक्शनवाल्यांपेक्षा जास्त आराम होता. म्हणून आज खुबा दुखत असेल तर दुखऱ्या कुशीवर झोपू नये, दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, एका पायावर भार टाकून कंबर लटकवत उभं राहू नये आणि पायावर पाय टाकून बसू नये. जोडीला कुल्ह्याचे स्नायू हळूहळू बळकट करायचे.

गुडघा-कोपराच्या साध्या सुजेला पहिला उपाय म्हणजे दाब काढणं. लादी उभ्याने, दांड्याच्या पोछ्याने पुसावी. गुडघे टेकणं टळत नसेल तर जाड फोमचे नी-पॅड बांधावेत. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवू नये. बर्फ कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आयबुप्रोफेनसारखी गोळी अल्सर, किडनीचा विकार किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बरं व्हायला काही आठवडे लागतात. नुसतं पाणी काढून भागत नाही, कारण जाड झालेला पदर पाणी सोडतच राहतो आणि दाब तसाच असेल तर थैली पुन्हा भरते. शिवाय सुईच्या वाटेने जंतू आत जाण्याचा धोका असतो.

सूज लाल आणि गरम झाली, ताप आला किंवा जवळ जखम असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. गुडघा आणि कोपराच्या थैल्या कातडीलगतच असल्याने छोट्या खरचटण्यातूनही त्यात पू होतो. बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे. अशा वेळी पाणी काढतात ते तपासणीसाठी: जंतू, पांढऱ्या पेशी आणि गाउटचे (युरिक अ‍ॅसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीचे) स्फटिक पाहायला. जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइड टोचू नये. मधुमेह असेल तर त्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, ती मोजत राहावी. टाचेमागच्या थैलीत ते टोचताना अकिलीस कंडरा तुटण्याची भीती असते. तिथे आधी कडक पाठीचा बूट बदलून पाहावा.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. महिनोन्‌महिने टिकणारी, फारशी गरम नसलेली सूज क्षयाची असू शकते. अशी थैली उघडल्यावर आत कधीकधी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे निघतात. ते क्षयाखेरीज आमवातातही दिसतात, म्हणून थैलीच्या पदराचा तुकडा तपासणीला पाठवायचाच.