राळ्याचा भात आणि करडा गणवेश : डॉ. कोटणीसांच्या सैनिकी दिवसांची पार्श्वभूमी

सोलापुरात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हणजे 'चीनला जाऊन सेवा केलेले डॉक्टर' एवढं तो न अडखळता सांगेल. भैय्या चौकातलं स्मारक ठाऊक असतं आणि चिनी पाहुणे भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात, हेही ऐकलेलं असतं. मलाही बरीच वर्षं एवढंच माहीत होतं. 'सेवा' हा शब्द फार मऊ आहे. त्यात डोंगरातली थंडी, रात्री चोरपावलांनी ओलांडलेले रेल्वेचे रूळ, धुऊन पुन्हा वापरलेल्या पट्ट्या, भुलीच्या औषधाचा तुटवडा हे काहीच दिसत नाही. कोटणीस सैन्यात होते. लढणाऱ्या सैन्याचा गणवेश त्यांच्या अंगावर होता, त्याच सैन्याचं अन्न ते खात होते आणि आघाडीच्या मुलखातच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. परमुलखातल्या युद्धावर गेलेला सोलापूरचा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहायचं, तर थोडं मागं जावं लागतं.

कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. वडील शांताराम गिरणीत नोकरीला, घरात भावंडं बरीच. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग एकामागून एक बाकीच्या, आणि मुंबई–मद्रास रेल्वेमार्गामुळे आलेला व्यापार. कोटणीस एकोणीस वर्षांचे असताना या गावाने लष्करी अंमल पाहिला. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली, 8 मे रोजी गोळीबार झाला आणि त्यानंतरचे काही दिवस इंग्रजी सत्ता शहरातून जणू नाहीशी झाली. 12 मे पासून मार्शल लॉ लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. शहरात चार हुतात्मा पुतळ्यांपाशी आजही माणसं थांबून हात जोडतात. ज्या गावाने रस्त्यावर बंदूकधारी शिपाई पाहिले, त्या गावच्या मुलाला दुसऱ्या देशावर चालून आलेल्या फौजेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, असं मला वाटतं.

चीन–जपान युद्धाची ठिणगी 7 जुलै 1937 ला पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर पडली. वर्ष संपायच्या आत शांघाय आणि नानकिंग जपानच्या हातात गेलं. तोवर एकमेकांशी लढणारे चिनी राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट जपानविरुद्ध एकत्र आले. कम्युनिस्टांच्या लाल सेनेची नव्याने बांधणी होऊन तिचं नाव 'आठवी मार्ग सेना' झालं. सुरुवातीला तिच्यात तीन डिव्हिजन आणि सुमारे 45,000 माणसं होती. बंदुका कमी होत्या आणि शिकलेले डॉक्टर तर त्याहून कमी. तिचे सेनापती चू ते यांनी नोव्हेंबर 1937 मध्ये जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी 30 जून 1938 ला देशाला आवाहन केलं. जुलैमध्ये 'चीन दिन' पाळून वर्गणी गोळा झाली आणि 22,000 रुपये जमले. त्यातून पाच डॉक्टरांचं पथक उभं राहिलं : प्रमुख डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आमचे डॉ. कोटणीस.

कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली होती आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. चीनबद्दल घरात काय ठाऊक होतं? त्यांच्या भगिनी मनोरमाताई सांगत, की दारावर रेशीम विकायला येणारे चिनी फेरीवाले, एवढीच ओळख. मुलगा अशा देशात, तेही युद्धावर निघालाय म्हटल्यावर घरच्यांच्या जिवाचं काय झालं असेल! 1 सप्टेंबर 1938 ला 'राजपुताना' बोटीने मुंबईचा किनारा सोडला. वर्षभराचं काम आणि मग परत, असं ठरलं होतं.

ते कँटनला उतरले आणि तिथून हानकौला गेले. पथक पोचतंय तोवर मागची शहरं पडत होती. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन आणि हानकौ दोन्ही जपान्यांकडे गेली. सरकारच चुंगकिंगला हललं होतं, पथकही तिकडे सरकलं. चुंगकिंगमध्ये असताना वडील गेल्याची बातमी कोटणीसांना समजली. सोबत्यांनी त्यांना घरी जायला सांगितलं. ते गेले नाहीत. या प्रसंगावर व्याख्यानांतून फार अलंकार चढवले जातात. मला तिथे दिसतं ते इतकंच : हजारो मैलांवरचं घर, अंत्यदर्शन आधीच हुकलेलं, आणि पुढे कम्युनिस्टांच्या मुख्य तळाला, येनानला, जायला तयार उभे असलेले मालट्रक. 12 फेब्रुवारी 1939 ला ते येनानला पोचले.

इथून सैनिकी आयुष्य सुरू झालं. येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या घरांचं गाव. नोव्हेंबर 1938 मध्ये जपानी विमानांनी ते भाजून काढलं होतं, म्हणून माणसं, शाळा, दवाखाने सगळं डोंगराच्या पोटात. हिवाळ्यात पारा शून्याखाली. सोलापूरच्या माणसाला मे महिन्याचा फुफाटा अंगवळणी पडलेला असतो, ही थंडी त्याच्या कल्पनेतही बसत नाही. चीनमधल्या छायाचित्रांत कोटणीस कापूस भरलेल्या गणवेशात, पायाला पट्ट्या गुंडाळलेले दिसतात. आठव्या मार्ग सेनेत शिपाई आणि अधिकारी यांच्या कपड्यांत फारसा फरक नसे.

आणि जेवण. तिथल्या सैनिकाचं रोजचं अन्न बारीक पिवळ्या दाण्यांचं भरड धान्य होतं. 'बंदूक आणि हे धान्य' अशीच त्या सैन्याची ओळख चिनी माणसाच्या तोंडी होती. त्या धान्याला चीनमध्ये 'श्याओमी' म्हणतात. आपल्याकडे त्याच दाण्याला राळे म्हणतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी यांच्याबरोबर जो राळ्याचा भात होतो, तोच हा दाणा. माझी आजी तो परातीत पाखडून, खडे वेचून, दोन-तीनदा धुऊन शिजवायची आणि वर तूप सोडायची. वर्षातून एकदा. कोटणीसांनी हाच दाणा सकाळ-संध्याकाळ खाल्ला, तुपाशिवाय, बहुतेक वेळा भाजीशिवायही. ताटावर बसून त्यांना भोगी आठवली असेल का, असं माझ्या मनात दर संक्रांतीला येतं.

1939 च्या अखेरीस अटल, बसू आणि कोटणीस येनानहून पूर्वेला, जपानी फौजेच्या पिछाडीला असलेल्या डोंगरी मुलखात निघाले. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करत होते आणि त्यांच्या हाताखाली शिकायची आशा होती. पण 12 नोव्हेंबर 1939 ला बेथ्यून यांचा शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेच्या संसर्गाने मृत्यू झाला होता. अटल तब्येतीमुळे लवकरच परतले, बसू आणि कोटणीस पुढे गेले. मधे जपानी ताब्यातले रेल्वेमार्ग आडवे होते. रुळांच्या कडेने बुरूज आणि पहारे होते. रात्री, दबक्या पावलांनी, एका ओळीत ते ओलांडायचे. सोलापुरात रेल्वे म्हणजे कापूस, माणसं, पत्रं आणणारी गाडी, तिथे रूळ म्हणजे शत्रूची रेघ.

बेथ्यून यांनी मागे ठेवलेली एक वस्तू आणि एक रीत कोटणीसांच्या कामी आली. रीत अशी, की जखमी डॉक्टरकडे येईल याची वाट पाहायची नाही, डॉक्टरने लढाईच्या जागी जायचं. आतड्याला गोळी लागलेल्या माणसाला तासाचा उशीरही महाग पडतो. आणि वस्तू म्हणजे खेचराच्या पाठीवर टाकायचं लाकडी खोगीर. दोन्ही बाजूंना कप्पे, त्यांत हत्यारं, पट्ट्या, औषधं, मोडलेलं हाड बांधायच्या कामट्या. शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्यांचं सामान त्यात मावे. खोगीर उतरवलं आणि आडवी फळी टाकली, की टेबल तयार. बेथ्यून यांनी त्याचं नाव 'मार्को पोलो पूल' ठेवलं होतं, जिथे युद्ध पेटलं त्या पुलाच्या नावावरून. बाजाराच्या दिवशी तट्टावर पडशी टाकून येणारा व्यापारी आपल्या जुन्या पिढीने पाहिलेला आहे. तशा खेचरामागून सोलापूरचा एक तिशीतला डॉक्टर डोंगर चढतोय, हे चित्र स्मारकाच्या भिंतीवर असायला हवं.

20 ऑगस्ट 1940 पासून आठव्या मार्ग सेनेने 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' उघडली. पहिला घाव शिजियाझुआंगहून ताययुआनला जाणाऱ्या रेल्वेवर होता. या मोहिमेत जखमींचा ओघ थांबेना. कोटणीस सलग 72 तास शस्त्रक्रिया करत राहिले, ही त्यांच्याबद्दलची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट. ती सांगताना तीन दिवस-तीन रात्री उभं राहिलेल्या माणसाच्या पायांचा विचार आपण करतो का? देवळाच्या ओट्यावर किंवा झोपडीत टेबल मांडायचं, तेलाच्या दिव्याच्या उजेडात काम करायचं. औषधांची सगळी वाट नाकेबंदीने अडवलेली, एकीकडून जपानी आणि 1939 नंतर दुसरीकडून खुद्द चिनी राष्ट्रवादी सरकारनेही. म्हणून पट्टी जखमेवरून काढायची, उकळायची, वाळवायची, पुढच्या माणसाला बांधायची.

जानेवारी 1941 मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. नाव मोठं असलं, तरी या रुग्णालयाला कायमची इमारत नव्हती. ते गावोगाव पसरलेलं होतं, जखमी शेतकऱ्यांच्या घरात ठेवलेले असत. जपान्यांनी त्या मुलखात 'सगळं जाळा, सगळ्यांना मारा, सगळं लुटा' असं धोरण राबवलं. धाड येतेय असं कळलं, की रुग्णालय उचलून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं. कोटणीस चिनी भाषेत वर्ग घेऊ लागले होते. पाचही भारतीय डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांत 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर घेतलं होतं, त्यामुळे कोटणीस झाले 'के दिहुआ'. वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. त्याच महिन्यात इकडे 'चले जाव' पेटलं होतं.

याच वर्षांत महाराष्ट्रातली हजारो पोरं दुसऱ्याच गणवेशात परमुलखात लढत होती, हे इथे सांगायलाच हवं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या मार्च 1941 मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर होत्या. जून 1942 मध्ये लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा तिथली एक मराठा पलटण युद्धकैदी झाली. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, शिपाई नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर झुंजले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना पगार होता, पेन्शनचा भरवसा होता, बेळगावला पलटणीचं घर होतं, आणि सेन्सॉरची कात्री लागून का होईना, पत्र गावी येत होतं. कोटणीसांकडे यातलं काही नव्हतं. शत्रूच्या पिछाडीच्या मुलखातून सोलापूरला पत्र पोचणं हीच मोठी गोष्ट. गावच्या पारावर दोघांचीही आई सारखीच वाट पाहत होती, मात्र एकीचा मुलगा इंग्रजांच्या बाजूने गेला होता आणि दुसरीच्याला इंग्रजांशी भांडणाऱ्या काँग्रेसने पाठवलं होतं. डिसेंबर 1941 मध्ये जपानने इंग्रजांवर हल्ला केल्यावर दोघांचा शत्रू एकच झाला. आणि ज्या बोसांनी हे पथक पाठवलं, त्यांनी 1943 मध्ये जपानच्या मदतीने आझाद हिंद सेनेची धुरा घेतली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पारतंत्र्यातल्या माणसाला युद्धात बाजू निवडणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं. तिथल्या जखमी शिपायाशेजारी उभ्या असलेल्या कोटणीसांना बाजू कळलेली होती.

1941 पासून त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. पाठीमागच्या सुरक्षित भागात जाऊन उपचार घ्यावेत, असं त्या मुलखाचे सेनापती न्ये रुंगचेन यांनी सुचवलं, पण ते हलले नाहीत. विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. एक भाग झाला होता, दुसऱ्याचं लेखन चालू होतं. 8 डिसेंबर 1942 च्या रात्री लिहीत असतानाच झटका आला, मग लागोपाठ येत राहिले. 9 डिसेंबरच्या पहाटे हबेई प्रांतातल्या थांग परगण्यातल्या गेगुंग गावी त्यांनी प्राण सोडला. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओंनी शोकसंदेशात सैन्याने मदतीचा हात आणि राष्ट्राने मित्र गमावल्याचं लिहिलं.

पुढे त्यांचे अवशेष शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आणले गेले. ज्या रेल्वेवर 1940 मध्ये घाव घातला गेला, तिच्याच टोकाचं हे शहर. पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा छिंगमिंगचा सण आला, की तिथली शाळकरी मुलं त्यांच्या कबरीवर फुलं ठेवतात. शेजारीच बेथ्यून आहेत.